दात्याचे अज्ञान

दानासंबंधी आपल्याकडे जितका बारकाईने विचार झालेला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या सदाचरणाविषयी झाला असेल. दान कोणी करावे, केव्हा करावे, कोणास करावे, देताना मनोवृत्ती कशी असावी, दिल्यावर त्याची वाच्यता करावी की करू नये, या सर्वांचा खल शास्त्रकारांनी केलेला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले असून, जे अवज्ञेने दिले जाते ते तामस होय, असा निर्णय तेथे दिलेला आहे. परंतु ह्या सर्व विवेचनात एक प्रश्न थोडासा बाजूस राहिला आहे असे मला वाटते. समजा, दात्याचा हेतू शुद्ध आहे. घेणारा खरोखरीच गरजू आहे. दिलेली वस्तू त्याच्या उपयोगीही पडली आहे. मात्र ज्यास दिले तो मनुष्य कोण, कसा, कोठला, हे दात्यास मुळीच ठाऊक नाही. किंबहुना त्याच्याविषयी दात्याची समजूत साफ चुकीची आहे. येथे अवज्ञा नाही, अहंकारही फारसा नाही. आहे ते केवळ अज्ञान. अशा अज्ञानाने दानास उणेपणा येतो काय?

हा प्रश्न मी मांडीत आहे तो कोणा धर्मग्रंथाच्या आधाराने नव्हे, तर विलायतेतील नाताळच्या एका लोकप्रिय गाण्याच्या निमित्ताने. रॉक संगीत वाजविणाऱ्या मंडळींनी १९८४ साली केलेले हे गाणे, 'डू दे नो इट्स ख्रिसमस?' या नावाचे. 'आज नाताळ आहे, हे त्यांना ठाऊक आहे काय?' असा त्या नावाचा अर्थ. डिसेंबर महिना लागला की इंग्लंडात ते आजही ऐकू येते. ज्यांच्याविषयी ते रचले गेले ती माणसे मात्र त्या गाण्यात 'ते' एवढ्याच सर्वनामाने येतात. ते 'ते' म्हणजे कोण, हे पाहू गेल्यास आपला प्रश्न पुस्तकी राहत नाही.

हकीकत अशी. १९८३ ते १९८५ या काळात इथिओपियाच्या उत्तर भागात, मुख्यत्वे तिग्राई आणि वोल्लो या प्रांतांत, भयंकर दुष्काळ पडला. त्यात मेलेल्यांचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत भिन्न भिन्न आहेत; यावरूनच मरणाऱ्यांची मोजदाद ठेवण्याची कोणास किती फिकीर होती हे दिसून येईल. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर मायकेल ब्यूर्क या वार्ताहराचा कोरेम येथील वृत्तान्त दाखविण्यात आला. चित्रण मोहम्मद अमीन यांचे होते. हे गृहस्थ नैरोबीस जन्मलेले, मूळच्या पंजाबी घराण्यातील. पहाटेचा गारठा, उघडा माळ, त्यावर अंगाभोवती फाटके गुंडाळून बसलेली हजारो माणसे आणि रात्रीत मेलेल्यांची कापडात बांधलेली प्रेते, हे दृश्य इंग्रज कुटुंबांनी आपापल्या दिवाणखान्यात बसून पाहिले. त्याच सुमारास मेकेले येथे क्लेअर बर्टशिंगर नावाची रेडक्रॉसची एक परिचारिका काम करीत होती. तिच्या अन्नछत्रात जागा होती थोड्याशा मुलांपुरती, आणि दारापुढे बसलेली मुले होती शेकड्यांनी. कोणास आत घ्यावयाचे आणि कोणास बाहेर ठेवावयाचे, हे तिलाच ठरवावे लागे. बाहेर राहणे म्हणजे काय, हे तिला आणि त्या मुलांच्या आयांना दोघींनाही समजत होते.

हे पाहणाऱ्यांत बॉब गेल्डॉफ नावाचा एक आयरिश गायक होता. त्याच्या वाद्यवृंदाची लोकप्रियता तेव्हा उतरणीस लागली होती, आणि पुढे टीकाकारांनी हा मुद्दा त्याच्याविरुद्ध काढल्यावाचून ठेवला नाही. परंतु माणसाच्या चांगल्या कृत्याला त्याच्या पडत्या काळाचे कारण चिकटविणे ही फार सोपी युक्ती आहे, आणि मी तरी तिचा अवलंब करणार नाही. गेल्डॉफने मिज युर या स्कॉटिश संगीतकाराला गाठले. शब्द बव्हंशी गेल्डॉफचे, चाल बव्हंशी युरची, असे ते गाणे दोघांनी घाईघाईने जुळविले. लंडनच्या नॉटिंग हिल भागातील सार्म वेस्ट ही ध्वनिमुद्रणशाळा तिच्या मालकाने चोवीस तासांकरिता फुकट दिली. रविवार, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्या वेळचे बहुतेक नामांकित गायक तेथे गोळा झाले. एकास तर न्यूयॉर्कहून काँकॉर्ड विमानाने यावे लागले. गायक आपले ओळी-दोन ओळी गाऊन मोकळे झाले, पण युरला रात्र जागून काढावी लागली. ३ डिसेंबरास तबकडी बाजारात आली. पहिल्याच आठवड्यात तिच्या दहा लाख प्रती खपल्या. एकट्या ब्रिटनमध्ये तिचा खप पुढे तीस लाखांवर गेला, आणि तेथील सर्वाधिक खपाचा हा विक्रम १९९७ सालापर्यंत कोणास मोडता आला नाही. वर्षभरात सुमारे ऐंशी लाख पौंड उभे राहिले. सरकारने प्रथम विक्रीवरील कर सोडण्यास नकार दिला. तेव्हा गेल्डॉफने इतका गवगवा केला की, कराइतकी रक्कम सरकारास अखेर धर्मादायात परत करावी लागली. थॅचरबाईंच्या सरकारास आपला शब्द असा मागे घ्यावयास लावणारे फार थोडे निघाले, हे या ठिकाणी सहज सांगून ठेवतो.

या मंडळींनी आपल्या मेळ्यास नाव घेतले 'बँड एड'. त्यात एक कोटी आहे. वाद्यवृंदाने केलेले साहाय्य हा एक अर्थ. आणि खरचटल्यावर आपण जी चिकटपट्टी लावतो तिचेही तेच नाव. आपण करीत आहो तो जखमेवरचा इलाज नसून केवळ पट्टी आहे, याची जाणीव त्या नावात आहे. हा विनय लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण गाण्याच्या शब्दांत मात्र तो आढळत नाही.

शब्दांत काय आहे? आफ्रिकेत या नाताळात बर्फ पडणार नाही, याची खंत आहे. तेथे काही उगवत नाही, नद्या वाहत नाहीत, असे वर्णन आहे. ही वेळ आपणावर आली नाही याबद्दल श्रोत्याने ईश्वराचे आभार मानावे, असे सुचविणारी एक ओळ आहे. ती ज्या गायकाच्या वाट्याला आली त्याला स्वतःलाच ती म्हणावयास जड गेले होते. आणि शेवटी तो प्रश्न: आज नाताळ आहे, हे त्यांना ठाऊक तरी आहे काय?

आता ज्यांच्याविषयी हा प्रश्न विचारला त्यांचा इतिहास पाहा. इथिओपियाचा अक्सूम येथील राजा एझाना याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इसवी सनाच्या चौथ्या शतकात. त्याच्या उत्तरकालीन नाण्यांवर क्रूसाची खूण आहे. इंग्लंडात कँटरबरीचा ऑगस्टीन धर्मोपदेशास उतरला तो ५९७ साली. म्हणजे ज्या काळी लंडनच्या आसपासच्या लोकांना नाताळ म्हणजे काय हे शिकवावयाचे होते, त्याच्या दोन-अडीचशे वर्षे आधीपासून इथिओपियाच्या डोंगरांतून ख्रिस्ताची उपासना चालू होती. पुढे बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास लालिबेला येथे अखंड खडकातून देवळे कोरून काढण्यात आली. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी वाचकास, वरून खाली खोदीत नेऊन उभे केलेले मंदिर म्हणजे काय, हे समजावून सांगावयास नको. ही लालिबेलाची देवळे वोल्लो प्रांतातच आहेत, त्या दुष्काळाच्या पट्ट्यातच.

तेथील नाताळ आपल्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीस येतो. त्यास 'गेन्ना' म्हणतात. आदल्या रात्री पांढरी शुभ्र वस्त्रे पांघरून लोक देवळात जागरण करतात. आणि त्यापूर्वी सुमारे सहा आठवडे उपास असतो. त्या दिवसांत मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, आणि कर्मठ माणूस दुपार टळेपर्यंत तोंडात काही घालीत नाही. हा उपास नोव्हेंबरच्या चोविसाव्या-पंचविसाव्या तारखेच्या सुमारास सुरू होतो. लंडनच्या त्या ध्वनिमुद्रणशाळेत 'त्यांना नाताळ ठाऊक आहे काय' असे जेव्हा गायिले जात होते, नेमक्या त्याच दिवसांत 'त्यांचा' नाताळचा उपास सुरू होत होता. ज्यांच्या घरी खावयास काहीच नाही, त्यांच्यावर आणखी व्रताचा उपास! हा योगायोग मनात आला म्हणजे माणूस क्षणभर गप्प होतो.

आणि याची दुसरीही बाजू आहे. वोल्लो प्रांतात मुसलमानांची वस्ती मोठी आहे. कोरेमच्या माळावर बसलेल्यांत तेही खचितच पुष्कळ असतील. त्यांना नाताळ ठाऊक असला काय आणि नसला काय, त्यांचा तो सणच नव्हे. म्हणजे हा प्रश्न एकास विचारावा तर तो हास्यास्पद, आणि दुसऱ्यास विचारावा तर गैरलागू. नद्यांविषयी म्हणाल तर, नाईल नदीच्या पुराचे बहुतेक पाणी इथिओपियाच्या पठारावरून खाली येते. मिसर देश त्यावर हजारो वर्षे जगला. काही उगवत नाही म्हणावे, तर कॉफीचे झुडूप मूळचे तिथलेच, आणि दुष्काळाच्या वर्षांतही देशाची मुख्य निर्यात कॉफीचीच होती.

वाचक म्हणतील, गाणे ते गाणे. त्यातून भूगोलाचे धडे कशाला शोधावयाचे? हा आक्षेप रास्त आहे, आणि केवळ बर्फाचा नि नद्यांचाच प्रश्न असता तर मी लेखणी उचलली नसती. परंतु ह्या वर्णनातील अज्ञान निरुपद्रवी नव्हते. काही उगवत नाही, पाणी वाहत नाही असे म्हटले की दुष्काळ हा निसर्गाचा कोप ठरतो. त्यात कर्ता कोणी राहत नाही. ह्या दुष्काळाला कर्ते होते. पाऊस उणा पडला हे खरे. परंतु मेंगिस्तू हैले मरियम यांची लष्करी राजवट उत्तरेतील बंडखोरांशी लढत होती, आणि पिके, बाजार, रस्ते, धान्याची ने-आण ही सर्व त्या युद्धाची हत्यारे बनली होती. सप्टेंबर १९८४ मध्ये, म्हणजे ब्यूर्कच्या वृत्तान्ताच्या अगोदर महिनाभर, राजधानीत क्रांतीचा दहावा वाढदिवस अफाट खर्चाने साजरा झाला. उत्तरेकडे माणसे मरत होती, हे राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते काय? प्रश्न विचारावयाचाच होता तर तो असा विचारावयास हवा होता.

दुष्काळ म्हणजे धान्याचा अभाव नव्हे, धान्य मिळविण्याच्या सामर्थ्याचा अभाव होय, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली, म्हणजे गाण्याच्या तीन वर्षे आधी, आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. त्यांनी घेतलेल्या उदाहरणांत १९४३ चा बंगालचा दुष्काळ आहे, तसा ह्याच वोल्लो प्रांताचा १९७३ चा दुष्काळही आहे. त्या वर्षी देशातील एकंदर धान्योत्पादनात म्हणण्यासारखी घट झाली नव्हती. वोल्लोतील माणसे मरत असता वोल्लोतून धान्य बाहेर जात होते, कारण विकत घेण्याची ऐपत असलेले गिऱ्हाईक बाहेर होते. गीतकाराने अर्थशास्त्र वाचून मग गाणे करावे असे मी म्हणत नाही. मात्र हे ज्ञान उपलब्ध होते, एवढे नोंदवून ठेवतो.

अज्ञानाचा उपद्रव काय झाला, तो पाहा. मेंगिस्तू सरकारने उत्तरेतील सुमारे सहा लाख माणसे उचलून नैर्ऋत्येकडील प्रांतांत नेऊन वसविली. वरकरणी हेतू असा की, नापीक जमिनीवरून सुपीक जमिनीवर न्यावे. आतला हेतू असा की, बंडखोरांना आश्रय देणारी वस्ती विरळ व्हावी. धान्यवाटपाची ठिकाणे ही माणसे गोळा करण्याची ठिकाणे बनली, कुटुंबांची ताटातूट झाली, वाटेत आणि नव्या वसाहतींत हजारो मेले. 'मेदसँ सां फ्राँतिएर' या डॉक्टरांच्या संस्थेच्या फ्रेंच शाखेने हे उघडपणे सांगितले, तेव्हा डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर घालविण्यात आले. दुसऱ्या बऱ्याच संस्था गप्प राहिल्या. बोललो तर जी थोडी माणसे वाचवीत आहो तीही हातची जातील, असा त्यांचा युक्तिवाद होता. ह्या दोहोंत कोणाचे बरोबर, हा फार कठीण प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. परंतु तबकडी विकत घेणाऱ्या तीस लाख माणसांना असा काही प्रश्न अस्तित्वात आहे, याची वार्ताही गाण्याने दिली नाही. त्यांच्या दृष्टीने दुष्ट होते ते आकाश, आणि सुष्ट होते ते आपण स्वतः. (बँड एडचा पैसा बंडखोरांच्या शस्त्रांकडे वळला, असे सूचित करणारा एक कार्यक्रम बीबीसीने पुढे २०१० साली केला होता. त्याबद्दल त्याच वर्षी बीबीसीला जाहीर क्षमा मागावी लागली. तेव्हा तो आरोप येथे उगाळण्याचे कारण नाही.)

इतके सारे गाण्याच्या विरुद्ध बोलल्यावर आता त्याच्या बाजूने बोलणे प्राप्त आहे, आणि ते मी मनापासून बोलतो. मेकेलेच्या दारापुढे बसलेल्या त्या आईची कल्पना करा. तिच्या मांडीवर जे मूल आहे त्याला आज धान्य मिळाले तर ते उद्या असेल, नाहीतर नसेल. ते धान्य ज्या पैशाने आले तो पैसा देणाऱ्यास आपला धर्म ठाऊक नाही, आपल्या नद्या ठाऊक नाहीत, याचे तिला काय होय? 'भीक नको पण कुत्रा आवर' ही म्हण आपल्याकडे मोठ्या चवीने वापरली जाते. परंतु दुसऱ्या दारी जाण्याची सोय आहे अशा माणसाच्या तोंडची ती म्हण आहे. ज्याला दुसरे दारच नाही तो कुत्र्याकडे पाहत नाही. अब्रूचा प्रश्न पोट भरल्यावर सुचतो असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. पण पोट भरलेल्यांनी उपाशी माणसाच्या वतीने अब्रूचा प्रश्न काढून दान अडविणे, हे त्याहून निर्दयपणाचे आहे. ब्यूर्कचा वृत्तान्त आणि तबकडी यांत जेमतेम सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत गेल्डॉफने इथिओपियाचा इतिहास वाचावयास घेतला असता, तर गाणे कदाचित बरे झाले असते, पण ते नाताळनंतर आले असते आणि इतका पैसा उभा राहिला नसता. आग लागली असता पाण्याची घागर घेऊन धावणाऱ्यास घरमालकाचे गोत्र विचारीत बसणे शोभत नाही. १९८४ सालच्या त्या रविवारी जे गायिले गेले त्याला, माझ्या मते, पूर्ण क्षमा आहे. घाईत दिलेल्या हाताची पकड कशी होती, हे वाचलेल्याने पाहू नये.

पण ही क्षमा प्रसंगाने केलेली आहे, आणि म्हणून ती प्रसंगापुरतीच आहे. येथेच गाण्याची दुसरी कहाणी सुरू होते. दुष्काळ सरला, मेंगिस्तू १९९१ साली पळून गेला. गाणे मात्र राहिले. १९८९ साली ते नव्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेण्यात आले. २००४ साली सुदानातील दार्फूर प्रांताच्या निमित्ताने तिसऱ्यांदा. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली तेव्हा चौथ्यांदा. ह्या वेळी शब्द काहीसे बदलले, पण प्रश्न तोच राहिला. जी साथ लायबेरियात, सिएरा लिओनात आणि गिनीत होती, तिच्यासाठी इथिओपियावरचे गाणे चालले. आणि लायबेरिया तर बहुसंख्य ख्रिस्ती लोकांचा देश! कोणत्याही आफ्रिकी दुःखास तोच एक अंगरखा बसतो, असे जणू गृहीत धरण्यात आले. त्या वर्षी घानाच्या आईबापांचा, लंडनात जन्मलेला, फ्यूज ओडीजी या नावाने गाणारा एक गायक निमंत्रित होता. शब्द पाहिल्यावर त्याने नकार दिला. साथीशी लढण्यास त्याचा विरोध नव्हता; आफ्रिका म्हणजे रोगराई आणि भूक एवढेच चित्र जगापुढे पुन्हा पुन्हा ठेवले गेल्याने त्या खंडाच्या व्यापाराचे, प्रवासाचे आणि तेथील मुलांच्या स्वाभिमानाचे जे नुकसान होते, ते दानाने भरून निघत नाही, असे त्याचे म्हणणे होते. २०२४ साली, चाळिसाव्या वर्षी, जुन्या सर्व आवाजांचे मिश्रण करून गाणे पुन्हा काढण्यात आले, तेव्हा २०१४ च्या गायकांपैकी एड शीरन याने जाहीरपणे सांगितले की, आपणास विचारले असते तर आपण आपला आवाज वापरू दिला नसता. त्यावर गेल्डॉफचे उत्तर असे की, ह्या लहानशा गाण्याने असंख्य माणसे जिवंत ठेवली आहेत. उत्तर खोटे नाही. पण विचारलेला प्रश्न निराळा होता.

न कळणे आणि कळून न घेणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यास आपण अज्ञान म्हणतो. दुसऱ्यास काय म्हणावे? १९८४ साली 'ते' कोण, हे न कळणे हे अज्ञान होते. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, तीस वर्षांनी तोच प्रश्न त्याच सुरात विचारला जातो, तेव्हा प्रश्नकर्त्यास उत्तर नकोच आहे असे दिसते. त्या प्रश्नाचे गोडवे उत्तर न मिळण्यातच आहेत. कारण 'हो, आम्हाला ठाऊक आहे, तुमच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे,' असे कोणी बोलला की गाणे तेथेच संपते. तबकडीच्या मूळ वेष्टनाचे चित्र पीटर ब्लेक या नामांकित चित्रकाराने जुळविलेले आहे. भोवती जुन्या इंग्रजी नाताळची रंगीबेरंगी, खाऊ-खेळण्यांची चित्रे, आणि मध्ये दोन उपाशी इथिओपियन मुले, कृष्णधवल. चित्रकाराचा हेतू विरोध दाखविण्याचा होता, आणि तो साधला आहे. पण चाळीस वर्षे त्या मुलांना रंग मिळाला नाही, हेही खरे.

आपणास हे परके वाटू नये. दुष्काळात घेणाऱ्याच्या बाजूस उभे राहणे काय असते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळातील रेशनवरचा तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या आठवणी आमच्या खेड्यांतून अजून पुसल्या गेलेल्या नाहीत. मिलो परदेशचा होता, बेचव होता, आणि लोकांनी त्याला नावेही पुष्कळ ठेविली. परंतु त्या आठवणी सांगणारा मनुष्य मान खाली घालून सांगत नाही. याचे कारण मला असे दिसते की, त्याने खडी फोडली होती, नालाबांध घातले होते, पाझर तलाव खणले होते. मे १९७३ मध्ये अशा कामांवर महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यांनी मागितले ते काम; आणि पुढे काम मागण्याचा हा हक्क १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात उतरला. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दुष्काळ-निवारणाचा जो तौलनिक विचार केला त्यात महाराष्ट्राचे हे उदाहरण आवर्जून घेतलेले आहे, आणि त्याच विचारात आफ्रिकेतील दुष्काळही आहेत. दिवाळी कधी आहे हे ठाऊक आहे काय, असे त्या खडी फोडणाऱ्यास कोणी विचारले असते, तर त्याने हातातील हातोडा खाली ठेवून विचारणाऱ्याकडे काही वेळ नुसते पाहिले असते.

असे असले तरी संगीताच्या मार्गाने दान करताना हे अज्ञान अटळच असते, असे मात्र नाही. गेल्डॉफच्या आधी तेरा वर्षे, १ ऑगस्ट १९७१ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगला देशातील निर्वासितांसाठी मैफल झाली. तिची सुरुवात पंडित रविशंकर यांच्यापासून झाली. ते बंगाली; त्यांच्या आप्तांची, ओळखीच्यांची वाताहत त्यांच्या कानावर येत होती. त्यांनी आपला शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन यास सांगितले, आणि त्याने इतरांना गोळा केले. मैफलीच्या प्रारंभी रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांनी वाजविले. ज्यांच्याकरिता पैसा गोळा होत होता त्यांची भाषा, त्यांची धून, त्यांचा माणूस व्यासपीठावर होता. प्रेक्षकांनी त्यांचे दुःख पाहण्याआधी त्यांची विद्या ऐकली. त्या दिवशीच्या तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला गेले. तबकडीचा आणि चित्रपटाचा पैसा कराच्या भानगडीत वर्षानुवर्षे अडकून पडला. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने गेल्डॉफ कितीतरी अधिक चतुर ठरला. उपाशी माणसाच्या ताटात किती पडले एवढेच मोजावयाचे असेल तर त्याची बाजू वरचढ आहे, आणि मी ते मोजमाप हलके मानीत नाही. तथापि ज्याच्या ताटात पडले तो ताटावरून उठल्यावर कोण राहिला, हेही मोजावे लागते. त्या मैफलीनंतर बंगाली मनुष्य जगाच्या दृष्टीने केवळ उपाशी राहिला नाही.

इथिओपियाविषयीच १९८५ सालची आणखी एक हकीकत आहे. त्या वर्षी १३ जुलै रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे 'लाइव्ह एड' नावाची प्रचंड मैफल झाली आणि इथिओपियाच्या नावाने पैशांचा पाऊस पडला. दोन महिन्यांनी, १९ सप्टेंबरास, मेक्सिको शहर भूकंपाने हादरले. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हा मेक्सिकोला ज्यांनी मदत पाठविली त्यांत इथिओपियाची रेडक्रॉस होती. रक्कम पाच हजार डॉलर. जो देश स्वतः उपाशी होता, ज्याच्यासाठी जग झोळी फिरवीत होते, त्याने ही रक्कम का पाठवावी, असे वृत्तपत्रांना कोडे पडले. खुलासा असा मिळाला की, १९३५ साली इटलीने इथिओपियावर स्वारी केली तेव्हा मेक्सिकोने मदत केली होती. राष्ट्रसंघात त्या स्वारीचा निषेध करणाऱ्यांत मेक्सिको होता, आणि मोठमोठ्या राष्ट्रांनी इटलीचा कब्जा निमूटपणे मान्य केल्यावरही त्याने तो मान्य केला नाही. पन्नास वर्षांपूर्वीची ती गोष्ट इथिओपियाच्या लक्षात होती. अदिस अबाबात एका चौकाला मेक्सिकोचे नाव आहे, आणि मेक्सिको शहरात भुयारी रेल्वेच्या एका स्थानकाला इथिओपियाचे.